लॅपटॉपचे दात

आसेगावात कोणतीही वस्तू एकट्यानं घेता येत नाही. पैसे एकट्याचे चालतात, निर्णय चालत नाही. फवारणीचा पंप आणला तरी चार जण तो पाठीला लावून पाहतात आणि पाचवा, ज्याच्याकडे गुंठाभरही शेत नाही, तो म्हणतो, "मले इचाराचं व्हतं ना लेका!" असा पाचवा माणूस प्रत्येक गावात असतो. मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या आसेगावात त्याचं पीक जरा बरं येतं.

त्यामुळे शेजारच्या काकांनी पोरीसाठी कंपुटर घ्यायचं मनात आणलं, तेव्हाच तो सार्वजनिक प्रश्न झाला. पोरगी अमरावतीला बीसीएला लागली होती. कॉलेजात सांगितलं होतं की स्वतःचं यंत्र असलं तर बरं. काकांसमोर दोन रस्ते होते. एक, वापरलेला लॅपटॉप, २२,००० रुपयांचा. दोन, कोरा करकरीत संगणक, म्हणजे टेबलावरचा मॉनिटर, टेबलाखालचा डबा, कीबोर्ड आणि माउस असा संपूर्ण संसार, ४०,००० रुपयांचा. नवा लॅपटॉप हा तिसरा रस्ताही होता, पण मनासारखा पाहायला गेलं की तो पन्नास हजारांच्या पुढे सुरू होत होता आणि त्या रस्त्यावर काकांनी पाय ठेवला नाही.

आमच्याकडे रुपयात सांगितलेली किंमत कोणाला नीट कळत नाही. तिचे क्विंटल करावे लागतात. २०२५-२६च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. त्या हिशेबानं नवा संगणक साडेसात क्विंटलांचा झाला. पण बाजार समितीत माल नेला आणि हातात क्विंटलला चार हजार पडले, तर तोच संगणक दहा क्विंटलांचा होतो. म्हणजे यंत्र तेच, दुकान तेच, आणि सरकारी कागदापासून अडत्याच्या वजनकाट्यापर्यंत येईस्तोवर ते अडीच क्विंटलांनी महाग झालेलं. काकांनी हा हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या मागे केला आणि पाकीट खिशात परत ठेवलं.

नव्या संगणकाच्या बाजूनं पहिलं मत काकूंचं पडलं. त्यांनी मॉडेल विचारलं नाही, जागा ठरवली. समोरच्या खोलीत, खिडकीपासून दूर, दारातून आत आलेल्या माणसाला पहिल्यांदा दिसेल अशी. वर घालायला क्रोशाचं झाकणही त्यांच्या डोळ्यांसमोर तयार होतं. काकूंचं म्हणणं सरळ होतं. नवं घेतलं की नारळ फोडता येतो, हळदीकुंकू लावता येतं, पेढे वाटता येतात. जुनं घेतलं की फक्त कारणं सांगता येतात. "लोकायले काय सांगू, दुसऱ्यानं वापरलेलं आणलं म्हनून?"

काकूंना हसायचं कारण नाही. संगणकाचा हा मान आमच्या पिढीनंच वाढवून ठेवला आहे. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं एमएस-सीआयटी सुरू केली, तेव्हा वाशिम जिल्हा स्वतःच अकोल्यापासून वेगळा होऊन तीन वर्षांचा झाला होता. तालुक्याच्या वर्गात आम्ही चपला बाहेर काढून जायचो. यंत्रांवर कापड असायचं, खिडक्यांवर पडदे असायचे आणि माउस हातात धरायचा तो असा की जरा जोरात दाबला तर पाप लागेल. घरी अठ्ठेचाळीस अंशांच्या पत्र्याखाली झोपणारी पोरं संगणकाच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यात बसून 'पेंट'मध्ये झोपडी काढायची. त्या काळात मनात बसलेली श्रद्धा जुन्या लॅपटॉपच्या घासलेल्या कळा पाहून कशी टिकणार?

मग आला पुण्यातला भाचा. तो प्रत्यक्ष आला नाही, फोनवर आला. हिंजवडीत कामाला असलेला एक भाचा आता दर तीन घरांमागे असतोच आणि त्याचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं, "आधी कॉन्फिगरेशन पाठवा." काकांनी त्याला दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला. मग भाच्यानं समजावून सांगितलं की मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा बदलतात. ते व्यापारी उचलतात, पुसतात, तपासतात आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत आणि पुण्याच्या तपकीर गल्लीपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत विकतात. त्यांची अंगकाठी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट असते, कारण ते कंपन्यांमध्ये रोज राबण्यासाठी बनवलेले असतात. झाकणावर कधी कधी चिकटवलेल्या पट्टीचा चौकोनी डाग दिसतो. तिथं जुन्या मालकाचा मालमत्ता क्रमांक होता.

"म्हंजे नंदीले डाग देतात तसं," आबा म्हणाले. आबा म्हणजे काकांचे वडील. हयात गुरांच्या बाजारात गेलेली. आजवर गावात जेवढ्या बैलजोड्या आल्या, त्यातल्या निम्म्या त्यांनी पारखून दिलेल्या. ते या चर्चेत आतापर्यंत बोलले नव्हते.

पण आबा पुढं काही बोलण्याआधी गुरुजी बोलून घेणार होते. निवृत्त गुरुजी कोणत्याही प्रश्नाकडे गल्लीतून पाहत नाहीत, देशातून पाहतात. ते म्हणाले, जुनं घ्यावं की नवं, हा पेच आसेगावचा नाही, भारताचा आहे. साठ-सत्तरच्या दशकात आयबीएम कंपनी परदेशात वापरून झालेली १४०१ या क्रमांकाची यंत्रं इथं आणून, दुरुस्त करून, भाड्यानं द्यायची. हे यंत्र अमेरिकेत १९५९चं. तिकडे ते अडगळीत गेलं, तरी इकडे कचेऱ्यांमध्ये त्याची आरती चालू होती. संसदेच्या लोकलेखा समितीनं यावर कोरडे ओढले. पुढं परकी चलन कायद्यानं भारतातल्या कंपनीतला मालकीचा वाटा कमी करायला सांगितलं, तेव्हा आयबीएमनं १९७८मध्ये गाशा गुंडाळला.

"म्हणजे अख्ख्या देशानं सेकंडह्यांड वापरला, तेही भाड्यानं," काका जरा सुखावून म्हणाले.

गुरुजी थांबणाऱ्यांतले नव्हते. ऐंशीच्या दशकात भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेनं नकार दिला, तेव्हा नवा मिळेना आणि जुन्यानं भागेना. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१मध्ये परम ८००० तयार झाला. त्याचे कर्ते डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मुर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. "समजलं का? जुना नाही, नवा नाही. आपला आपण बनवला!"

आबांनी विडी विझवली. "मंग गुरुजी, पोट्टीसाठी बी एक बनवा. दिवाईपावतर झाला तरी चालन."

वायरमनचं मत आलं आणि चर्चा देशातून पुन्हा गल्लीत आली. त्याला रॅम माहीत नव्हता, पण आमची डीपी माहीत होती. त्याचा सवाल एकच, लाईट गेल्यावर काय? टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नसते. लाईट गेली की केलेलं कामही तिच्यासोबत जातं. म्हणून सोबत यूपीएस घ्यावा लागतो. छोट्या यूपीएसवर असा संगणक दहा-पंधरा मिनिटं तग धरतो आणि ती मिनिटंही काम करायला नाहीत, काम जतन करून यंत्र शिस्तीत बंद करायला असतात. आमच्याकडे गेलेली लाईट दहा मिनिटांत आली तर लोक महावितरणला फोन करून विचारतात, काही बिघडलं का म्हणून. लॅपटॉपची बॅटरी हा त्याच्या पोटातलाच यूपीएस. जुनी असली तरी दोन-अडीच तास काढते.

शिवाय धुरळा. सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की आसेगावात हवा कमी आणि भुसा जास्त असतो. संगणकाच्या डब्यातला पंखा प्रामाणिक. समोर येईल ते आत ओढतो. वायरमननं एका सेवा केंद्रातला डबा उघडला होता, त्यातून निघालेल्या कुटारात, तो सांगतो, एखादं वासरू सकाळचं जेवलं असतं. त्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी पाल निघाली होती हे खरं, कारण ती निघताना केंद्रातली रांग मोडलेली आम्ही पाहिली आहे.

ऑनलाइन मागवण्याचा विषयही निघाला. समृद्धी महामार्ग आमच्या मंगरुळपीर तालुक्यातूनच जातो. नागपूरचा माल डोळ्यांदेखत मुंबईकडे सुसाट धावतो. पण आमच्या गावाची गंमत अशी की नाव एकट्याचं नाही. याच वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात, आसेगाव पेन आहे. अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा आहे. पार्सलवाल्याचा फोन येतो तो 'कुठं आहात' असा नाही, 'कोणतं आसेगाव' असा. चार्जर तिकडे आणि लॅपटॉप इकडे अशी वाटणी झाली तर सोडवायला तलाठी लागेल. आणि बिघडला तर? घेताना दहा टक्के स्वस्त मिळालेलं यंत्र खोक्यात भरून परत पाठवायला जो जीव लागतो, तो पावसाळ्यात आमच्या कोणाकडे नसतो.

ही सगळी चर्चा ओट्यावर चालू असताना जिच्यासाठी यंत्र घ्यायचं ती पोरगी चहा देत फिरत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं काय? तिला तर वापरायचं होतं! शेवटी रिकाम्या कपबशा उचलताना तीच म्हणाली, "पण मी तं होस्टेलात राहीन ना अमरावतीले. कंपुटर इथं राहून काय करन?"

ओट्यावर जी शांतता पसरली ती निकालाच्या दिवशीही पसरत नाही. साडेसात क्विंटल की दहा क्विंटल, आयबीएम की परम, यूपीएस की भुसा, सगळ्याचा कीस पडला होता. पोरगी एकशे कित्येक किलोमीटरवर शिकणार आणि तिचा संगणक आसेगावच्या समोरच्या खोलीत क्रोशाखाली बसणार, एवढं मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काकूंनी शेवटचा प्रयत्न केला, "सुट्टीत येशीन तवा वापरजो." पण त्यात जोर राहिला नव्हता.

"उद्या लॅपटॉप पाह्याले जाऊ," आबा उठले. "म्या येतो. दात पाह्यल्याबिगर घ्याचा नाई."

वाशिमच्या त्या दुकानातला पोरगा चांगला होता. त्यानं आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक चकचकीत लॅपटॉप पुढं ठेवला. "बाबाजी, हा घ्या. आय-सेव्हन आहे. पाचपेक्षा सात भारी."

"सात दाती बैल पाह्यला का कधी?" आबांनी विचारलं. "दात जोडीनं येतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मंग जुयला. जो सात सांगते, त्याचं तोंड उघडून पाहा लागते."

पोरगा गोंधळला, पण पुण्याचा भाचा फोनवर होता आणि त्याला आबांचं बोलणं नेमकं समजलं. लॅपटॉपचेही दात असतात, तो म्हणाला, फक्त ते नावात असतात. 'आय-सेव्हन' हा झाला डामडौल. वय कळतं त्याच्या पुढच्या आकड्यावरून. ३५२० असेल तर पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी, २०१२ची. ८२५० असेल तर आठवी. पहिला आकडा १ असेल तर त्याच्या पुढचाही धरायचा. ११३५ म्हणजे अकरावी आणि १०२१० म्हणजे दहावी. तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा अकराव्या पिढीचा आय-थ्री कधीही बरा. चकचकीत लॅपटॉपचा आकडा पाहिला. तिसरी पिढी. "म्हातारा हाय," आबा म्हणाले, "शिंगायले तेल लावून आनला." पोरगा हसला आणि त्यानं मुकाट्यानं आठव्या पिढीचा काढला.

आठवी पिढी ही मेख लक्षात ठेवण्यासारखी आहे. विंडोज १०चं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीपही लागते. त्याआधीचे हजारो धडधाकट लॅपटॉप त्यामुळे कंपन्यांनी काढून टाकले आणि ते बाजारात स्वस्तात उभे आहेत. त्यांवर लिनक्स टाकलं तर ते अजून बरीच वर्षं नांगर ओढतील. पण पोरीला कॉलेजात जे शिकवणार तेच हवं होतं आणि काकांना 'लिनक्स' हे औषधाचं नाव वाटत होतं.

दातांनंतर खोड. बैलाची खोड दलाल सांगत नाही. लॅपटॉपची मात्र लॅपटॉपच सांगतो, हे आबांना पटायला वेळ लागला. भाच्यानं सांगितल्याप्रमाणे पोरीनं काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली आणि बॅटरीचा अहवाल समोर आला. कारखान्यातून निघताना पोटात किती मावत होतं आणि आज किती मावतं, असे दोन आकडे. तीन-पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की बॅटरीची ताकद साधारण पंचमांशानं घटते. ही निम्म्याच्या जरा वर होती. आबा चकित झाले. "सोताच्या तोंडानं सांगते? बैल असे असते तं दलालाईच्या पोरायचे लग्नं झाले नसते."

मग कामाला जुंपून पाहणं. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवला. झाकण दहा वेळा उघडझाप केलं, मान ढिली आहे का पाहिलं. पडदा पांढरा करून डाग शोधले. पोरीनं प्रत्येक कळ दाबली, तेव्हा एक कळ एकदा दाबली की दोनदा उमटत होती. पोरग्यानं कबूल केलं आणि कीबोर्ड बदलून द्यायचं ठरलं. आत जुनी फिरती हार्डडिस्क नाही, एसएसडी आहे ना, हे पाहिलं. जुन्या लॅपटॉपला तरुण करणारं औषध तेच आहे. रॅम आठ जीबी होता आणि पुढं वाढवायला एक खाच मोकळी होती. सुरू करताना कोण्या कंपनीचा पासवर्ड मागतो का, तेही पाहिलं, कारण जुन्या मालकाची वेसण नाकात तशीच असेल तर असा लॅपटॉप कधीही मागं ओढला जातो.

भाव ठरवायला आबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याखाली हात पुढं केला. गुरांच्या बाजारात भाव असाच होतो, कापडाखाली, बोटांनी, मुक्यानं. पोरग्याला वाटलं बाबाजी हात मिळवतात. त्यानंही दुपट्ट्याखाली हात घातला. आबांनी त्याची बोटं दाबली. पोरगा अदबीनं म्हणाला, "थँक्यू." शेवटी कॅल्क्युलेटरवर भाव झाला. बावीसचे साडेएकोणीस झाले, सहा महिन्यांची दुकानाची हमी मिळाली आणि पक्कं बिल मिळालं. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यायचा आग्रह काकांनी धरला. चोरीचा माल घरात निघाला तर झंझट नको म्हणून. आसेगावात पोलीस ठाणं गावातच आहे, त्यामुळे या बाबतीत आम्हाला लांब जावं लागत नाही, एवढीच काय ती सोय.

घरी काकूंनी लॅपटॉपला हळदीकुंकू लावलंच. पेढेही वाटले. 'नवा का जुना' असं विचारणाऱ्याला त्यांनी 'कंपनीचा' असं उत्तर दिलं आणि ते खोटं नव्हतं.

आता या सगळ्यावरून नवा संगणक वाईट असं कोणी समजू नये. सेवा केंद्र, शाळेची प्रयोगशाळा, टायपिंगचा वर्ग, अडत्याचं दुकान, जिथं यंत्र एका जागी बसून दिवसभर राबणार, तिथं टेबलावरचा संगणकच घ्यावा. त्याचा पडदा डोळ्यांना मोठा पडतो, हाताला मोकळा कीबोर्ड मिळतो आणि एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. तालुक्याचा कारागीर दुपारी येऊन संध्याकाळपर्यंत तो उभा करतो. पण ज्याला शिकायला घर सोडून जायचं आहे, त्याच्या पाठीवर तो बसत नाही. टायपिंगची परीक्षा द्यायची झाली तर लॅपटॉपला चार-पाचशे रुपयांचा वेगळा कीबोर्ड जोडता येतो. टेबलावरच्या संगणकाला मात्र कितीही पैसे टाकले तरी अमरावतीच्या एसटीत मांडीवर घेता येत नाही.

म्हणून वाचकहो, कोणी तुम्हाला 'जुना लॅपटॉप घेऊ की नवा कंपुटर' असं विचारलं तर लगेच रॅम सांगायला लागू नका. आधी विचारा, वापरणार कोण आणि बसणार कुठं. समोरची खोली सजवायची असेल तर नवा संगणक घ्या. पोरगी शिकवायची असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, एसएसडीचा, बॅटरी तपासलेला जुना लॅपटॉप खुशाल घ्या, आणि वाचलेल्या पैशातून तिच्या होस्टेलच्या दोन महिन्यांच्या डब्याचे पैसे भरा. निर्णयाला अख्खं गाव बोलवा, हरकत नाही. फक्त जिच्यासाठी घ्यायचं आहे तिला चहा करायला लावू नका, ओट्यावर बसवा. आणि बिल पक्कं घ्या.